छातीत गोळी

१४ ऑक्टोबर १९७३, रविवार. कराड

सकाळी विहारात वंदना. दीक्षेला आज सतरा वर्षं झाली. घरी आलो तर शालनने काल आलेलं पाकीट आज हातात दिलं. म्हणाली, "काल दिलं असतं तर रातभर तळमळला असता. सांगलीचं हाय."

मेजरचं पत्र, बी कंपनीच्या कमांडरचं. टाइप केलेलं, खाली सही तीच, उजवीकडे झुकलेली. एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन वर्षांत पहिलं पत्र. 'प्रिय किसन, तू मार्चमध्ये पेन्शनवर आल्याचे व कराडात एका डॉक्टरकडे कंपौंडर असल्याचे कळले.' म्हणजे चौकशी केली. पलटणीच्या त्या हल्ल्यावर तो पुस्तक लिहितोय. उंब्रजजवळच्या गावात, त्या भागातल्या बी कंपनीच्या चार जणांच्या नावाचा दगड बसवणार आहेत, डिसेंबरात, रविवार बघून. त्याच दिवशी पुस्तक जाहीर करायचं. पुढे ते रंगरुटांना वाचून दाखवणार. आणि मग कामाचं: 'तुझ्याकडे त्या दिवसाची नोंदवही असेल. ती पाठव.'

आहे. देणार नाही.

१६ ऑक्टो., मंगळवार

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा हे लिहितोय. वही पेटीतून काढली. दोन वर्षांत उघडली नव्हती.

मी पलटणीचा नव्हतो. मेडिकलचा माणूस, नर्सिंग असिस्टंट, लढाईपुरता पलटणीला जोडलेला. जखमीचं नाव, वेळ, कुठं लागलं, काय दिलं, एवढंच लिहायचं. बी कंपनीची त्रेचाळीस नावं. त्यातल्या एकोणिसांपुढे फुली, म्हणजे गेले. सी कंपनीची पाच नावं, फुली एक. एकच सकाळ, एकच बांध, समोर तोच शत्रू.

हे मेजरला पाहिजे? की हे जगात राहायला नको आहे त्याला?

शालन म्हणते, "जाऊन इचारा की. घरात बसून दात खाऊ नका."

२१ ऑक्टो., रविवार

सांगलीला जाऊन आलो. सकाळची एसटी. हळदीच्या पेठेवरून चालत गेलो, डोळे चुरचुरले. बंगला छोटा, नीट. बाहेर पाटीवर नावाआधी 'मेजर' आणि नावानंतर 'निवृत्त' हे बारीक अक्षरात.

डावा हात वर होत नाही त्याचा. खांदा गेलेला. चहाचा कप स्वतः आणून ठेवला माझ्यापुढे, दोन फेऱ्या करून. मी उठलो नाही. आधी उठलो असतो.

मसुदा वाचायला दिला. 'जवान छाती काढून, उभ्याने, रांग न मोडता, जयघोष करीत चालून गेले.' खरं आहे ते. तीच तर तक्रार आहे.

मी म्हटलं, "साहेब, लोखंडी टोप्या ट्रकात ठेवायला लावल्या, ते कुठं आहे?"

"पलटणीची टोपी शत्रूला दिसली पाहिजे. ती बघून त्याचे पाय कापतात."

"डोक्यात लागलेले सात जण आहेत माझ्या वहीत. सी कंपनीत एकही नाही."

"सी कंपनी सरपटत गेली." तोंड असं केलं की जणू मी काही घाण बोललो. मग पान पुढे सरकवलं. एकतिसावं पान. 'दुर्दैवाने वैद्यकीय मदत वेळेवर पोहोचू शकली नाही, अन्यथा यातील काही वीर आज आपल्यात असते.'

वैद्यकीय मदत म्हणजे मी. एकटा मी.

उठलो. चहा तसाच. फाटकापर्यंत आला तो. "वहीचं बघ," म्हणाला.

परतीच्या एसटीत ते वाक्य स्वतःशीच पुटपुटत होतो. शेजारी गुळाच्या अडतीवरचा दिवाणजी. म्हणाला, ताप आहे का तुम्हाला.

२२ ऑक्टो., सोमवार

एकदा सगळं लिहून काढतो. वहीत फक्त नावं आहेत.

गावाचं नाव लिहीत नाही. पंजाबातलं, सरहद्दीपलीकडचं. गहू वीतभर वर आलेला. सपाट रान, साडेतीनशे पावलं, पलीकडे बांध आणि बांधावर त्यांची मशीनगन. डावीकडून एक कोरडा पाट थेट बांधाच्या बगलेला जात होता. पुरुषभर खोल.

आदल्या दुपारी दोन्ही कंपनी कमांडर पाटाच्या तोंडाशी बोलत उभे होते. मी पट्ट्यांच्या पेट्या मोजत होतो, म्हणून ऐकलं. सी कंपनीचा कॅप्टन नायर, चोवीस-पंचवीसचा, केरळकडचा, मराठी तोडकंमोडकं. तो म्हणाला, दोघेही पाटातून जाऊ. नाहीतर तोफांचा मारा वाढवून मागू, अर्धा तास थांबू. मेजर म्हणाला, "माझी माणसं गटारातून जाणार नाहीत." आणि थांबलो तर शेजारची पलटण आधी पोहोचेल.

मग माझ्याकडे वळून, "स्ट्रेचरवाले किती?"

"चार, साहेब."

"चौघांना रायफली दे. मला लढणारा माणूस पाहिजे, उचलणारा नको."

मी म्हटलं, साहेब, मग जखमी? म्हणाला, जिंकल्यावर उचलू. तू पाटाच्या तोंडाशी थांब, हलू नकोस.

पहाटे धुकं होतं. ते वर जाईपर्यंत थांबला तो, दिशा चुकू नये म्हणून. साडेसहाला निघाले. उभ्याने. आणि सगळ्यांच्या पुढे तो स्वतः, हातात नुसती छडी. हे लिहायलाच पाहिजे. तो भित्रा असता तर बरं झालं असतं, मागे राहिला असता आणि माणसं आडवी झाली असती. तो चालत राहिला म्हणून ती चालत राहिली. पहिली रांग निम्म्या रानात पडली. दुसरी तिच्यावरून गेली. तिसरी दुसरीवरून.

सहा पन्नासला नाईक शंकर पडला. उंब्रजकडचा. माझ्यापासून दीडशे-पावणेदोनशे पावलांवर. मांडीत. मेजरही त्याच सुमाराला पडला, खांद्यात, शंकरपासून जवळच.

सव्वासातला सी कंपनी पाटातून बगलेला पोहोचली आणि बांधावरची मशीनगन गप्प झाली.

पुढचं आज नाही लिहीत.

२८ ऑक्टो., रविवार

दिवाळीची सुटी, दवाखाना बंद. शंकरचे वडील, हवालदार आण्णा, यांचा निरोप होता, येऊन जा म्हणून. आण्णा जुन्या मोठ्या लढाईतले, इटलीत होते. सत्तरी गाठलेली, पाठ अजून ताठ. उंब्रजला उतरून पुढे चालत गेलो. शाळेपुढे ओटा बांधून झालाय. दगड गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेला.

समितीची बैठक चाललेली. अध्यक्ष पेन्शनर सुभेदार. मला बघून म्हणाला, "तुमी पलटणीचं न्हवं. पत्रिकेत तुमचं नाव कुटं घालावं, पंचाईत हाय." पलटणीचं म्हणाला. दुसरं काही म्हणायचं असेल तर ते त्याच्या पोटात.

मी म्हटलं, "घालू नका."

आण्णांनी घरी नेलं. सोप्यात आठ-दहा माणसं बसलेली. शंकरचा फोटो, हार. त्याची बायको सुमन दाराआड. आण्णा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ह्यो हुता तितं. डोळ्यानं बघितलंय ह्येनं. सांग रं यास्नी. सरकारी कागुद आलाय, छातीत गोळी लागली, जागच्या जागी गेला, हूं का चूं केलं न्हाई. सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं असतं तर चहा घेऊन पाच मिनिटांत निघालो असतो. पण सांगलीपासून डोकं तापलेलं.

"मांडीत लागली, आण्णा. जागच्या जागी नाही गेला."

आण्णा उठले आणि माझ्या तोंडात मारली. म्हातारा हात, पण हवालदाराचा. ओठ फाटला.

"चालता हो. माज्या पोराला मेल्यावर पाडतूयास व्हय?"

कुणीतरी माझी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. उंब्रजपर्यंत चालत आलो. वाटेत कुणी राम राम घातला नाही.

२९ ऑक्टो., सोमवार

डॉक्टरांनी ओठ बघितला. काय झालं? पडलो. कुठे? जुन्या जागी. हसले.

रागाने सांगितलं मी त्या म्हाताऱ्याला. मेजरवरचा राग, त्याच्यावर काढला. आणि तरीही वाटतं, परत विचारलं तर हेच सांगेन.

७ नोव्हें., बुधवार

नायरसाहेबाचं कार्ड आलं. मीच लिहिलं होतं त्यांना, सांगलीहून आलो त्याच आठवड्यात, की तुम्ही दोन ओळी लिहून द्या, पाट होता, पाटातून जाता येत होतं. उत्तर हिंदीत, वाकड्या अक्षरात. तब्येत विचारली आहे. मग, 'पलटणीविरुद्ध मला काही लिहायचं नाही. मला अजून नोकरी करायची आहे.' त्याच्या कंपनीचा एक माणूस गेला आणि मेसमध्ये त्याला सरपटणारा साहेब म्हणायचे. मेजरचे एकोणीस गेले आणि त्याला पदक. नायरने त्यातून जे शिकायचं ते शिकलं म्हणायचं.

कार्ड फाडणार होतो. शालनने काढून घेतलं. "त्येला बी पोरंबाळं असतील," म्हणाली. असतील. एकोणिसांनाही होती.

११ नोव्हें., रविवार

बाजार. दवाखान्यात गर्दी. अकराच्या सुमाराला औषधाच्या खिडकीशी एक बाई, कडेवर मुलगी. मुलीचा कान फुटलाय म्हणाली. ड्रॉप्स दिले. जाईना. पदराआड कागद दोन.

सुमन होती. त्या दिवशी चेहरा बघितलाच नव्हता.

"ह्यो आमचा कागुद," म्हणाली. "आन ह्यो खालच्या आळीतल्या गजराचा. तिचा मालक बी त्याच दिशी गेला. मी चौथीपतुर शिकल्ये. दोनी वाचलं. नाव सोडलं तर सगळं येकच हाय. कानामात्रा सुदिक."

मी बघितले. छातीत गोळी, तत्क्षणी वीरमरण, ओठांवर जयघोष. खरंच कानामात्रा.

गजराचा नवरा डोक्यात लागून गेला होता. वहीत आहे. बोललो नाही.

"मामंजींनी तुमाला मारलं त्ये माज्यामुळं. मी दाराआड हुते म्हून. मनात धरू नका."

मग विचारलं, "बोलत हुते का?"

मागे रांग लागलेली. एक म्हातारा खोकत होता. मी म्हटलं, "हाका मारत होता."

"कुनाला?"

"मला."

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मुलीच्या कानातला कापूस नीट केला आणि गेली. कागद विसरली. की मुद्दाम ठेवले?

१७ नोव्हें., शनिवार

मेजर कराडात. दवाखान्यापुढे गाडी. दुपारी बंद करत होतो तेवढ्यात आत आला, बाकावर बसला, पेशंटसारखा. बरा हात मांडीवर, दुसरा नुसता लोंबतो.

"सुभेदाराने कळवलं मला. तू बापाला काय सांगितलंस ते."

"खरं सांगितलं."

"सगळं?"

मी कपाटाला कुलूप लावत होतो. थांबलो.

"सव्वासातला बांधावरची मशीनगन गप्प झाली," तो म्हणाला. आवाज अजिबात वाढवला नाही. "मी शंकरपासून तीस पावलांवर पडलो होतो. शुद्धीवर होतो. तो तुला हाका मारत होता. मग मीही मारल्या, तुझ्या नावाने. तू आठला आलास. हे आहे का तुझ्या वहीत?"

नाही. वहीत आहे: '०८.००, ना. शंकर, मांडी, मृत.'

"पुस्तकातलं ते वाक्य खोटं नाही, किसन. तरी मी ते काढतो. तू वही दे. दोघांचंही भागलं."

मी म्हटलं, "चार स्ट्रेचरवाले असते तर मी एकटा का असतो?"

"असते तरी तू पहिला निघाला असतास का?"

त्याला हाकलून द्यायला पाहिजे होतं. दार उघडून धरलं, एवढंच जमलं. जाताना फळीवरच्या बाटल्यांकडे बघून म्हणाला, "खांदा थंडीत फार दुखतो. काही असेल तर दे." तेल दिलं. का दिलं?

१८ नोव्हें., रविवार

लिहितो.

सव्वासातला मशीनगन गप्प झाली. दुसरी आहे की नाही, माहीत नव्हतं. नव्हती. पण माहीत नव्हतं. मेजरचा हुकूम होता हलू नकोस म्हणून. तो हुकूम मी त्या वेळी छातीशी धरून बसलो, आईचं बोट धरावं तसा. रान उघडं होतं. गुडघे चालेनात. शंकर आधी जोरात ओरडत होता, "कंपौंडर, ए कंपौंडर." मग नुसतं "ए". पाटाच्या तोंडाशी एका शिपायाचा दंड मी तीनदा बांधला आणि तीनदा सोडला, हात रिकामे नकोत म्हणून. आठला सी कंपनीची माणसं रानातून उभ्याने चालत परत येताना दिसली, तेव्हा उठलो.

मांडीला आवळपट्टी बांधली असती तर. एवढंच काम होतं, कुणीही केलं असतं. शंकरच्या मुठीत गव्हाचं रोप होतं उपटलेलं. अंग गरम होतं.

शालनला वाचून दाखवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "वही द्येऊ नका त्येला. आन ह्ये बी फाडू नका."

२५ नोव्हें., रविवार

आण्णा आले. एकटे, पहिल्या एसटीने, डोक्याला फेटा, पायात वहाणा पुसलेल्या. दारात उभे. शालनने पाणी दिलं. माझ्या घरात पाणी घेतील का, असं मनात आलं. घेतलं, तांब्या रिकामा केला.

बसले. ओठाकडे बघितलं माझ्या. "बरा झाला न्हवं?"

"झाला."

"सुनंनं सांगितलं त्ये दोन कागुद मला ठावं हुतं," म्हणाले. "आरं, मी बी लिवल्यात तसली पत्रं. इटलीत. कंपनी हवालदार हुतो. लिवनाऱ्याला सांगायचो, लिव, छातीत गोळी, तरास न्हाई. कुनाचं पोट फाटल्यालं, कुनाचं तंगडं न्हाई. समद्यास्नी छातीत." थांबले. "पत्र आलं तवाच वळखलं म्या. आपलंच पत्र आपल्या दारात आलं."

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"आता सांग. किती येळ?"

"आण्णा..."

"मी शिपाई हाय. किती येळ?"

"सव्वा तास. थोडा कमी."

"त्यातला साहेबाचा किती आन तुजा किती?"

हे त्यांना कुणी सांगितलं? मेजरने? सुभेदाराने? की माझ्या तोंडावर दिसलं? अजून माहीत नाही.

"पाऊण तास माझा," म्हटलं. आणि सगळं सांगितलं. गुडघे, दंड बांधणं सोडणं, सगळं. ते जमिनीकडे बघत होते. मारतील असं वाटलं. मारावं असंही वाटलं.

म्हणाले, "वही काढ. वाच."

चष्मा आणला नव्हता त्यांनी. मी वाचत गेलो. त्रेचाळीस नावं, वेळ, जखम. मधेच थांबवायचे. "उभ्यानं? समदी?" "धुकं हुतं तवा का न्हाई ग्येलं?" "टोप्या ट्रकात?" सी कंपनीची पाच नावं संपली तेव्हा म्हणाले, "पाटातनं गेल्याला साहेब कोन?"

नाव सांगितलं.

"इटलीत पयल्या नदीला आमी बी असंच ग्येलो. छाती काढून. लय मान्सं ग्येली. त्यातनं शिकलो. दुसऱ्या नदीला पोटावर ग्येलो, चिखलातनं, डुकरावानी. निम्मी बी ग्येली न्हाईत. कुनी नावं ठिवली न्हाईत, कारन नावं ठिवनारी पयल्या नदीलाच पडली हुती." फेटा सारखा केला. "शिकायला मान्सं लागत्यात, गड्या. पन त्येच त्येच शिकायला फिरून मान्सं कशापायी? आमी शिकल्यालं कुटं ग्येलं? कुनी लिवलंच न्हाई व्हय?"

जेवून जा म्हटलं. शालनने भाकरी टाकल्या. जेवले. निघताना माझ्या पाऊण तासाबद्दल एक शब्द नाही. चांगलं नाही, वाईट नाही. त्यापेक्षा तोंडात मारलेली परवडली.

२८ नोव्हें., बुधवार

वहीची नक्कल करतोय, दुपारी. चाळीस पानं. सुंदर अक्षर काढायचं नाही ठरवलंय, जसं आहे तसं.

३ डिसें., सोमवार

नक्कल मेजरला रजिस्टर टपालाने पाठवली. अस्सल वही माझ्याकडेच. चिठ्ठीत एकच ओळ, 'आपल्या पुस्तकासाठी.' शंकरच्या नावापुढे जे आहे तेच. ०८.००. माझं मी घातलं नाही. वाटलं होतं, घालीन.

९ डिसें., रविवार

दगड बसला. मी गेलो होतो. मागे, शाळेच्या पायरीवर. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललं नाही.

मांडव, लाऊडस्पीकर, शाळेतल्या मुली कळशा घेऊन. मेजर गणवेशात, पदकं लावून. सुभेदाराचं प्रास्ताविक लांबलं. मग मेजर मसुद्यातली पानं वाचायला लागला. चांगलं वाचतो तो. बायका डोळे पुसत होत्या. 'उभ्याने, रांग न मोडता' ला टाळ्या.

आण्णा पहिल्या रांगेत. उठले. सुभेदाराला वाटलं, गोणपाट काढायला उठले. त्याने हात धरला. आण्णांनी सोडवून घेतला.

"साहेब, येक इचारायचं हाय."

मेजर थांबला. "विचारा, हवालदारसाहेब."

"मान्सं उचलनारी चार जनं असत्यात कंपनीत. ती कुटं हुती?"

स्पीकर चालूच होता. मेजर म्हणाला, "हल्ल्यात होती. सगळ्यांच्या बरोबरीने. चारही धारातीर्थी पडले."

टाळ्या. काय टाळ्या! सुभेदाराने जयजयकार केला. मांडव दणाणला.

आण्णा उभेच. टाळ्या संपेपर्यंत उभे. मग म्हणाले, मोठ्याने नाही, पण स्पीकरजवळ होते म्हणून सगळीकडे गेलं, "मंग उचलायचं कुनी?"

बाहेर रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मेजर हातातल्या पानांकडे बघत राहिला. पुढची पानं वाचली नाहीत. घडी घालून खिशात ठेवली, एका हाताने, दोनदा चुकली. "दगड उघडा," एवढं म्हणाला.

आण्णांनी गोणपाट ओढलं. नावं चार. शंकरचं दुसरं.

जाताना सुभेदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ह्यो तुजा उद्योग. म्हाताऱ्याच्या तोंडातनं तू बोलतूयास." मी म्हटलं, म्हाताऱ्याला इटलीत मी नव्हतं नेलं. थुंकला बाजूला.

पुस्तक जाहीर झालं नाही. छापून व्हायचं आहे म्हणे.

१० डिसें., सोमवार

दवाखान्यात दोघे भांडले. एक म्हणतो म्हाताऱ्याने गावाची अब्रू घालवली. दुसरा म्हणतो बरोबर विचारलं. पहिला मला म्हणाला, कंपौंडर, तुमचं काय मत? खोकल्याचं औषध जेवणानंतर, म्हटलं.

२९ डिसें., शनिवार

सांगलीहून पार्सल. उघडायला भीती वाटली. पुस्तकाची छापखान्यातली प्रुफं. बरोबर चिठ्ठी, हाताने लिहिलेली, टाइप नाही. 'चुका असतील त्या लाल शाईने दाखव. हवालदारसाहेबांनाही दाखव. सहा जानेवारीपर्यंत परत पाहिजेत. जे पटेल ते घेईन.'

जे पटेल ते. म्हणजे मी दाखवायच्या आणि त्याने निवडायच्या. चीड आली. आणि तरी, माझ्या नकलेतली त्रेचाळीस नावं शेवटच्या पानांत छापली आहेत. वेळेसकट. सी कंपनीची पाचही. पाटाचा शब्द नाही. एकतिसाव्या पानावरचं माझ्यावरचं वाक्य नाही. नुसतं काढून टाकलंय, खाली पांढरी जागा.

ह्याला उपकार म्हणायचं? त्या दिवशी दवाखान्यात त्याने सौदा सांगितला होता. वही मी दिली नाही, नक्कल दिली. त्याने आपला शब्द पाळला.

५ जानेवारी १९७४, शनिवार

आण्णा आणि सुमन सकाळी आले. तिने आग्रह केला म्हणे. मी मोठ्याने वाचत गेलो आणि आण्णा सांगतील तिथे लाल शाईने लिहीत गेलो. टोप्या ट्रकात ठेवल्या होत्या, लिव. धुकं हुतं, लिव. पाट हुता, दुसऱ्या साहेबानं सांगितलं हुतं, लिव. चार जनांस्नी रायफली दिल्या, लिव. 'साहेब सगळ्यांच्या पुढे होते' ह्या ओळीवर मी थांबलो. आण्णा म्हणाले, "खरं हाय न्हवं? मंग ऱ्हाऊ दे."

दुपार झाली. शालनने दोनदा चहा केला.

शंकरच्या पानाशी आलो. 'नाईक शंकर छातीवर गोळी झेलून तत्क्षणी.' मी पेन उचललं.

"थांबा," सुमन म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "त्ये माजं हाय. त्येचं काय लिवायचं त्ये मी सांगनार. पोरगी उद्या शाळंत जाईल, वाचंल."

मी पेन खाली ठेवलं.

मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं हाय का ह्यात? मामंजींनी सांगितलंय मला. तुमचा पाऊण तास."

"नाही."

"त्येनी काडला का तुमी घातलाच न्हाई?"

"मी घातला नाही."

"आदी त्यो लिवा," म्हणाली. आवाजात राग नव्हता, मऊपणाही नव्हता. "मंग माज्या मानसाचं मी सांगते."

आण्णांनी फेटा उचलला. चारची एसटी होती. दोघे गेले.

प्रुफं टेबलावर आहेत. उद्या सकाळी सांगलीला न्यायची. एकतिसाव्या पानावर जागा आहे, दोन ओळी मावतील. शालन स्वयंपाकघरातून दोनदा बघून गेली. पेन भरून ठेवलंय.